डोहगावच्या यादीतली बारा नावं

कावेरी देऊळगावकरला सेलूत बहुतेक लोक 'माधवराव मास्तरांची कॉम्प्युटरवाली' म्हणूनच ओळखायचे. मास्तरांचा बेत साधा होता. मुलीनं बी.एस्सी. करावं, मग बी.एड., आणि जवळपासच्या एखाद्या शाळेत लागावं. पण कावेरी औरंगाबादला शेवटच्या वर्षाला असताना नामांतराचे मोर्चे आणि बंद सुरू होते, आणि परीक्षा दोनदा पुढं गेली. खोलीवर बसून करायचं काय, म्हणून ती एका कॉम्प्युटर क्लासला जाऊ लागली. परीक्षा झाली, पास झाली, पण क्लास काही सुटला नाही. मशीनला एक ओळ लिहून द्यावी आणि तिनं ती निमूट पाळावी, याची तिला गोडीच लागली.

सेलूला परत आली तेव्हा मास्तरांचे जुने स्नेही काशीनाथराव यांनी मोंढ्याच्या रस्त्यावर, एका कापडदुकानाच्या माडीवर संगणक केंद्र काढलं होतं. दोन मशीन, एक खडखडणारा प्रिंटर आणि दाराबाहेर चपला काढायची सक्त ताकीद. मशीन चालवणारं गावात दुसरं कोणी नव्हतं. कावेरीला त्यांनी लगेच ठेवून घेतलं. ती त्यांना काका म्हणायची, लहानपणापासूनच.

एक्क्याण्णव साल उजाडलं तेव्हा केंद्राकडं मोठं काम आलं. नदीवर धरण होणार होतं आणि डोहगाव पाण्याखाली जाणार होतं. कोणत्या घराला नव्या गावठाणात प्लॉट द्यायचा, कोणाला नाही, याची यादी पुनर्वसन कचेरीला मशीनवर करून हवी होती. एकूण चारशे त्रेसष्ट कुटुंबं. प्रत्येकाचं नाव, घर क्रमांक, माणसं किती, विधवा असल्यास तसं, आणि शेवटी एक शब्द: पात्र किंवा अपात्र.

कचेरीकडून माणिकराव यायचे. अव्वल कारकून, पंचावन्न वर्षांचे, पहिल्या इयत्ता निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. सगळं गाव त्यांना भाऊसाहेब म्हणायचं. रोज ते नवा प्रश्न घेऊन माडी चढायचे. भूमिहीन किती? एकट्या विधवा किती? पाचापेक्षा जास्त माणसांची घरं किती? प्रत्येक प्रश्नासाठी कावेरीला प्रोग्राममध्ये वेगळा तुकडा लिहावा लागायचा. पंधरा दिवसांत ती कंटाळली. मग तिनं एक युक्ती केली. आपल्या प्रोग्रामच्या आतच, पडद्याच्या तळाशी, एक रिकामी पट्टी ठेवली. त्या पट्टीत भाऊसाहेबांनी स्वतः एक ओळ लिहायची आणि प्रोग्रामनं ती तिथल्या तिथं पाळून उत्तर द्यायचं. तिनं तिला नाव दिलं प्रश्नपट्टी.

भाऊसाहेब हरखून गेले. दोन बोटांनी टकटक करत 'लिस्ट', 'काउंट' असल्या आज्ञा शिकले. एकदा एका आडनावातली चूक दुरुस्त करायला कावेरीनं त्यांना 'रिप्लेस'ही दाखवली. त्यांनी सगळ्या आज्ञा एका चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात लिहिल्या आणि ती चिठ्ठी मशीनच्या कडेला डिंकानं चिकटवली.

"ताई, तुमी तर मला मशीनशी बोलायला शिकवलं," ते म्हणायचे. कावेरीला बरं वाटायचं.

शुक्रवार, पंधरा फेब्रुवारीला पक्की यादी छापून पुनर्वसन कचेरीच्या साहेबांच्या सही-शिक्क्यानं परभणीला जायची होती. आदल्या दिवशी, गुरुवारी सकाळी दहाला, एक बाई माडी चढून आली. पन्नाशी ओलांडलेली, पदर घट्ट खोचलेला. चपला बाहेर काढल्या तरी ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"मनकर्णा माझं नाव. डोहगावची. यादी हितंच हाय म्हणं?"

"हो. या ना आत."

"माझं नाव बगा बाई. गावात बोलायलेत की एकट्या बायांला प्लॉट न्हाई म्हणून. भाऊसायबानं तर माज्या म्होरंच लिहून नेलं होतं."

"असं काही नाही मावशी. थांबा, दाखवते." कावेरीनं नाव टाकलं. पडद्यावर ओळ आली. मनकर्णा सटवाजी, विधवा, माणसं एक. अपात्र.

तिनं पुन्हा टाकलं. पुन्हा तेच.

"काय म्हणतंय?" मनकर्णानं विचारलं. तिला वाचता येत नव्हतं, पण समोरच्याचा चेहरा येत होता.

"एक मिनिट." कावेरीनं कपाटातून शनिवारी काढलेली कच्ची छापील यादी ओढली. तिसऱ्या पानावर तेच नाव, तोच घर क्रमांक. पुढं स्पष्ट छापलेलं: पात्र.

शनिवारी संध्याकाळी नोंदी बंद झाल्या होत्या. त्यानंतर यादीला कोणी हात लावायचं कारण नव्हतं. तिनं पात्र घरांची मोजणी मागितली. मशीननं क्षणात सांगितलं: चारशे सहा. शनिवारचा आकडा तिला नेमका आठवत नव्हता, पण तो याहून मोठा होता, एवढं नक्की.

"मावशी, काहीतरी चूक झालीय. तुम्ही आत्ता घरी जा. मी बघते."

"चूक कोणाची?" मनकर्णानं विचारलं. उत्तराची वाट न बघता ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. "म्या हितंच हाय."

कावेरीनं यादीच्या फाईलवरची तारीख पाहिली. फाईल शेवटची कधी बदलली, ते मशीन स्वतःच टिपून ठेवतं. दहा फेब्रुवारी, अकरा चाळीस. रविवार. रविवारी केंद्र बंद असतं.

तिला शनिवारच्या फ्लॉपीची आठवण झाली आणि जीव भांड्यात पडला. दर आठवड्याला ती फाईलची नक्कल काढून ठेवायची. ड्रॉवर उघडून तिनं फ्लॉपी लावली. तिथंही मनकर्णा अपात्रच. मग तिला आठवलं. शनिवारी नक्कल काढली होती, पण सोमवारी सकाळी आल्या आल्या, नेहमीच्या सवयीनं, तिनं पुन्हा त्याच फ्लॉपीवर नक्कल काढली होती. चांगल्यावर वाईट तिनं स्वतःच्या हातानं चढवलं होतं.

आता एकच गोष्ट तपासायची राहिली होती, आणि ती तपासायची तिला भीती वाटत होती. तिनं कोऱ्या फ्लॉपीवर फाईल घेतली, प्रश्नपट्टी उघडली आणि चिठ्ठीवर बघून एक ओळ लिहिली: जिथं विधवा आणि माणसं एक, तिथं सगळीकडं 'पात्र' कर. एंटर दाबलं. मशीननं ना पासवर्ड मागितला, ना 'नक्की का?' विचारलं. खाली फक्त आकडा आला: एकोणीस नोंदी बदलल्या.

एका ओळीत एकोणीस घरं. उलटी ओळ लिहिली असती तरी इतकंच सोपं.

तिला आता कुठं कळलं तिनं काय करून ठेवलं होतं ते. पट्टीत लिहिणारा कोणीही असो, मशीनला ती कावेरीचीच आज्ञा वाटत होती. विचारायला आलेल्या माणसाला तिनं नुसतं बघायची मुभा दिली नव्हती, आपला सगळा अधिकार दिला होता. आणि देताना तिला तो देतोय हेही समजलं नव्हतं.

अकराला वीज गेली. दोन्ही पडदे काळे झाले.

बाराच्या सुमारास भाऊसाहेब आले. जिन्यात मनकर्णाला बसलेली पाहून ते थबकले. कावेरीनं त्यांना सगळं सांगितलं, पण सांगताना तिची नजर त्यांच्या चिठ्ठीवरच होती. ती त्यांनी ओळखली.

"ताई, तुमाला वाटायलंय मी केलं?"

तिनं नजर चिठ्ठीवरून काढली.

"अक्षर माझं हाय, खरंय." त्यांचा आवाज बारीक झाला. "पण रविवारी मी राणीसावरगावला होतो, भाचीच्या लग्नात. शंभर माणसं सांगतील. आणि मला करायचंच असतं तर कागदावर केलं असतं. तीस वर्षं कागदच हातात होते की."

"भाऊसाहेब, माफ करा."

"माफीचं सोडा. किल्ली कोणाकडं असती या माडीची?"

कावेरीनं दाराकडं पाहिलं. किल्ली एकाच माणसाकडं असायची, काशीनाथरावांकडं.

भाऊसाहेबांनी खिशातली डायरी काढली. शनिवारी मोजणी झाल्यावर त्यांनी आकडा टिपला होता: पात्र चारशे अठरा. म्हणजे बारा घरं कमी झाली होती. पण एकट्या विधवा एकोणीस होत्या. त्यांतल्या सात आधीपासूनच अपात्र होत्या, लेकाकडं दुसऱ्या गावी कायमच्या गेलेल्या. आता एकोणीसही जणी एकाच रंगात रंगल्या होत्या. कोणत्या बारा, कोणत्या सात, हे मशीनला सांगता येत नव्हतं. ते फक्त शनिवारचा कागद सांगू शकत होता.

दोघांनी खिडकीपाशी पानं पसरली. एकेक नाव बोटाखाली धरून ताडलं. सोळा नावांचा निकाल लागला: दहा पात्र, सहा अपात्र. उरल्या तिघी, तानुबाई, सगुणाबाई आणि कस्तुराबाई. तिघींची नावं सातव्या पानावर होती, आणि सातवं पान शनिवारी प्रिंटरमध्ये अडकून फाटलं होतं. पक्की यादी छापायचीच आहे, म्हणून कावेरीनं ते पुन्हा काढलं नव्हतं.

"तिघींतल्या दोघी पात्र," भाऊसाहेब म्हणाले. "कोणत्या दोघी ते आठवंना. चारशे घरं फिरलो मी. उद्या गावात जाऊन बघावं लागंल."

"आधी हे दार बंद करू," कावेरी म्हणाली.

दोनला वीज आली. कावेरीनं प्रोग्राम उघडला आणि प्रश्नपट्टीच्या तोंडाशी एक पहारा लिहिला: ओळीत 'रिप्लेस' शब्द दिसला, की नकार. 'डिलीट' दिसला, की नकार. फ्लॉपीवरच्या नकलेवर चालवून पाहिलं. नकार आला. तिनं सुस्कारा टाकला.

भाऊसाहेब शेजारच्या स्टुलावरून बघत होते. "पण ताई, या मशीनला पहिली चारच अक्षरं पुरतात, असं तुमीच मला सांगितलं होतं."

कावेरीनं चार अक्षरं लिहिली. एकोणीस नोंदी बदलल्या.

तिनं चार अक्षरांवरही बंदी घातली. मग तिला आठवलं, ओळीच्या सुरुवातीला नुसतं उद्गारचिन्ह दिलं तर माणूस प्रोग्रामच्या बाहेरच पडतो, आणि तिथून अख्खी फाईल पुसता येते. तेही बंद केलं. मग आणखी एक वाट आठवली. मग आणखी एक. साडेतीन वाजले. ती जितकी भोकं बुजवत होती, तितकी नवी सापडत होती.

"हे असं कवर चालायचं?" भाऊसाहेबांनी विचारलं.

कावेरीचे हात थांबले. काय करायचं नाही याची यादी लिहीत बसलं तर ती कधीच संपणार नव्हती. तिनं लिहिलेलं सगळं पुसलं आणि उलटं लिहिलं. पट्टीत दोनच आज्ञा चालतील, यादी दाखव आणि मोज. त्यांच्या पुढं काय लिहायचं तेही ठरलेल्या चार रकान्यांपुरतंच. बाकी काहीही आलं, ओळखीचं असो वा अनोळखी, तर उत्तर एकच: ही आज्ञा चालणार नाही. आणि मूळ फाईल पट्टीच्या हाती द्यायचीच नाही, तिची नक्कल द्यायची.

तरीही मशीन माणसं ओळखत नव्हतं. खुर्चीत जो बसेल तो त्याचा मालक. म्हणून मूळ फाईल तिनं फ्लॉपीवर घेतली, मशीनमधून काढून टाकली, फ्लॉपी लिफाफ्यात घातली. भाऊसाहेबांनी लिफाफ्यावर सही करून तो शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला.

चारला जिन्यात पावलं वाजली. काशीनाथराव आले, आणि त्यांच्या मागं लिंबाजी. लिंबाजी डोहगावचा पुढारी, काशीनाथरावांच्या बायकोकडून सोयरा. चपला त्यानं काढल्या नाहीत.

"काय गं कावेरी, यादी झाली?" काशीनाथराव हसून म्हणाले.

"काका, रविवारी कोणीतरी यादी बदललीय."

हसू तिथंच थांबलं. त्यांनी एकदा भाऊसाहेबांकडं पाहिलं, एकदा जिन्यातल्या मनकर्णाकडं. "बदलली नाही. दुरुस्त केली. एकट्या बायकांना प्लॉट देऊन काय करायचंय? उद्या त्या गेल्या की प्लॉट मोकळाच. ते राखीव राहतील, गावकी ठरवील."

"गावकी म्हंजे तू का लिंबाजी?" मनकर्णा उंबऱ्यातून म्हणाली.

"तू गप बस," लिंबाजी म्हणाला. "मोठ्या माणसांचं बोलणं चाललंय."

"काका, हे आपल्याला ठरवायचा हक्क नाही. आपण फक्त टाइप करणारे."

"मशीन माझं, माडी माझी, तू माझ्याकडं कामाला." काशीनाथरावांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, आणि कावेरीला तो जास्त भयंकर वाटला. "माधवरावांच्या शब्दावर तुला घेतली. या कचेरीचं पुढचं कामही आपल्यालाच मिळणाराय. तू काय बदललंस आत्ता? ऊठ."

ती उठली. काशीनाथराव खुर्चीत बसले. कडेच्या चिठ्ठीवर बघत त्यांनी पट्टीत ओळ लिहिली. त्यांचं बोट सराईतपणे चाललं होतं, रविवारी ते असंच चाललं असणार. एंटर.

ही आज्ञा चालणार नाही.

त्यांनी पुन्हा लिहिली. पुन्हा तेच उत्तर. लिंबाजी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"पासवर्ड सांग."

"पासवर्डानं उपयोग नाही काका. मूळ यादी या मशीनमध्ये नाहीच."

"मग कुठाय?"

भाऊसाहेब उठून उभे राहिले. हात छातीवरच्या खिशावर. "सरकारी कागद हाय तो. माज्या ताब्यात हाय. घ्यायचा असंल तर अंगावरून घ्यावा लागंल."

लिंबाजी एक पाऊल पुढं आला. मनकर्णा उंबरा ओलांडून मधे येऊन उभी राहिली. खाली कापडदुकानात गिऱ्हाईकांचा आवाज येत होता. काशीनाथरावांनी लिंबाजीच्या दंडाला धरलं. "हितं नको," ते म्हणाले.

शुक्रवारी सकाळी एस.टी. बंद होती. नामांतरावरून कुठंतरी रास्ता रोको झाला होता आणि डेपोतून गाड्या सुटत नव्हत्या. भाऊसाहेबांच्या लुनावर मागं बसून कावेरी डोहगावला निघाली. नऊ किलोमीटर. वाटेत दोनदा तिनं मागं वळून पाहिलं. एक जीप बराच वेळ अंतर राखून येत होती, पण ती दुसऱ्या फाट्याला वळली.

बातमी त्यांच्या आधीच गावात पोचली होती. पारापाशी पंधरा-वीस माणसं जमली होती आणि लिंबाजी मधोमध बसला होता. भाऊसाहेबांनी तिन्ही नावं मोठ्यानं वाचली. तानुबाईचं सोपं निघालं. ती पाराजवळच शेळी धरून उभी होती, आणि ती गावात राहत नाही असं म्हणायची कोणाची हिंमत नव्हती.

सगुणाबाईच्या दाराला कुलूप होतं. आणि कस्तुराबाई मात्र आपल्या ओसरीवर, उघड्या दारात, गहू निवडत बसली होती.

"बगा भाऊसाहेब," लिंबाजी सावकाश म्हणाला. "सगुणाबाई गेली गाव सोडून. कस्तुराबाई समोर हाय. माझी चुलती हाय ती. डोळ्यानं दिसतंय ते लिहा. कस्तुराबाई पात्र, सगुणाबाई अपात्र."

"सगुणाबाई कुठं गेली?" कावेरीनं लोकांना विचारलं.

कोणी बोलेना. एकानं विडी पेटवली. दुसरा जमिनीकडं बघू लागला. सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांना लिंबाजीच्या समोर राहायचं होतं. भाऊसाहेबांच्या हातातला पेन कागदावर टेकला होता, पण हलत नव्हता. साडेअकरा वाजले. चारच्या आत यादी निघायला हवी होती, आणि डोळ्यांना दिसणारं खोटं होतं असं कावेरीला आतून वाटत होतं. पण वाटण्यावर पंचनामा होत नाही.

ती ओसरीपाशी गेली आणि कस्तुराबाईच्या समोर बसली. "आजी, तुम्ही इथंच राहता का?"

कस्तुराबाईनं सुपातून वर पाहिलं. आधी कावेरीकडं, मग पाराकडं, पुतण्याकडं.

"लेकापाशी ऱ्हाते, पूर्णेला," ती म्हणाली. "त्यो रेल्वेत हाय. पाच वर्सं झाली. काल रातच्याला ह्यो लिंबाजी जीप घेऊन आला, म्हनला चार दिस येऊन बस दारात."

"काकू!" लिंबाजी उठला.

"वरडू नगस. मला लेकाचं घर हाय. सगुणाला काय हाय?" ती कावेरीकडं वळली. "ती लेकीच्या बाळंतपनाला गेलीय सेलूला. सव्वा महिना झाला की येईल. तिची चूल बग मागं, राख हाय अजून. माजा अंगठा घे, कुटं पायजे तितं."

भाऊसाहेबांनी ओसरीवर बसूनच पंचनामा लिहिला. कस्तुराबाईनं अंगठा दिला. दुसरा साक्षीदार हवा होता. आदल्या संध्याकाळीच गावी परतलेली मनकर्णा पुढं आली, पण तिचं स्वतःचं नाव वादात होतं, तिचा अंगठा चालणार नव्हता. शेवटी तानुबाईनं शेळीचा दोर नवऱ्याच्या भावाच्या हातात दिला आणि ती पुढं आली. पण भाऊसाहेबांनी मान हलवली, तिचंही नाव त्याच यादीत. तेव्हा तो दीर, दोर हातात तसाच धरून, म्हणाला, "द्या हिकडं. मला सही येती." आणि लिंबाजीकडं न बघता त्यानं सही केली.

दोन वाजून दहा मिनिटांनी ते सेलूत पोचले. माडीच्या दाराला कुलूप होतं.

काशीनाथराव घरी नव्हते. मोंढ्यात नव्हते. कावेरी आणि भाऊसाहेब जिन्यात बसून राहिले. पावणेतीन. सव्वातीन. भाऊसाहेब दर पाच मिनिटांनी खिसा चाचपत होते. साडेतीनला साहेबांची जीप खाली थांबली. साहेब तरुण होते, नवीनच बदलून आलेले. भाऊसाहेबांनी उभ्या उभ्याच पंचनामा त्यांच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. साहेबांनी ते वाचलं, कुलपाकडं पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, "मालकाला शोधून आण. दहा मिनिटांत नाही आले तर कुलूप पंचांसमोर तोडायचं."

काशीनाथराव आठ मिनिटांत आले, घाम पुसत, हसत. "अहो साहेब, जेवायला गेलो होतो."

कावेरीनं फ्लॉपी लावली. बारा नावं एकेक करून, भाऊसाहेब वाचतील तशी, पात्र केली. मोजणी मागितली. चारशे अठरा. प्रिंटर खडखडू लागला. सातवं पान निघेपर्यंत तिनं प्रिंटरवरची नजर हलवली नाही.

साहेबांनी सह्या केल्या आणि विचारलं, "रविवारी हे केलं कोणी?"

काशीनाथराव खिडकीबाहेर बघत होते. कावेरीनं काल ऐकलं होतं, पण ते तोंडी होतं. मशीनकडं वेळ होती, माणूस नव्हता.

"कोणी केलं ते मशीन सांगू शकत नाही, साहेब," ती म्हणाली. "काल माझ्यासमोर काय बोलणं झालं, ते भाऊसाहेब आणि मी लिहून देऊ. पण करता आलं ते माझ्यामुळं. मी प्रोग्राममध्ये एक पट्टी ठेवली होती आणि तिला नको तेवढा अधिकार दिला होता. तेही लिहून देते."

"लिहून दिलंत तर तुमच्यावरच येईल."

"माहीत आहे."

तिनं दोन्ही लिहून दिलं. पुढं चौकशी झाली, थोडीशी. काशीनाथरावांनी साफ नाकारलं. लिंबाजीला कोणी विचारलंच नाही. चौकशीच्या कागदात राहिलं ते कावेरीचं अक्षर: चूक प्रोग्राममध्ये होती. यादी गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, काशीनाथरावांनी तिला येऊ नकोस म्हणून सांगितलं होतं. कचेरीचं पुढचं काम मात्र त्यांनाच मिळालं, आणि ते तिच्याच पहारा बसवलेल्या प्रोग्रामवर चाललं, असं नंतर तिच्या कानावर आलं.

माधवराव मास्तर त्या रात्री जेवले नाहीत. तीस वर्षांचा स्नेह तुटला होता. सकाळी ते एवढंच म्हणाले, "बी.एड.चा फॉर्म आणू का?" कावेरी नको म्हणाली. सहा महिने तिला काम नव्हतं. मग परभणीला एका क्लासमध्ये शिकवायला लागली. विद्यार्थी प्रोग्राम लिहून आणायचे, तेव्हा ती आधी तो मोडायचा प्रयत्न करायची, तासभर, चिकाटीनं. आणि मुलं म्हणायची की बाईंना आमचं काहीच आवडत नाही.

डोहगाव चौऱ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात हललं. त्याच वर्षी भाऊसाहेबांचं पोस्टकार्ड आलं. ते निवृत्त झाले होते. मनकर्णाला प्लॉट मिळाला, त्यांनी लिहिलं होतं, पण खाली नुसता काळा दगड निघालाय, पाया खणायला पहार लागंना. रोज कचेरीत येऊन नव्या कारकुनाशी भांडायलीय, आणि पत्ता मागायलीय तुमचा. देऊ का?

कावेरीनं त्याच दिवशी उत्तर लिहिलं. वर पत्ता लिहिला, पूर्ण, गल्लीसकट.